पाण्याला बहीण नाही

हाकोबसाहेब ज्या खोलीत बसत, त्या खोलीचं दार पुरतं लागलेलं मी कधी पाहिलं नाही. बॉयलर हाउसच्या लोखंडी दारात त्यांनी एक अर्धी वीट ठेवलेली असे. वारा सुटला की दार धाडकन त्या विटेवर येऊन थांबायचं. कुणाच्या पायाने वीट सरकली तर साहेब हातातलं काम टाकून येत, वीट जागेवर ठेवत, आणि वळता वळता दाराला एकदा तळहात लावून बघत. डबा खायला बसले तरी तोंड दाराकडे.

आधी मला वाटलं, उकाड्यासाठी असेल. मग वाटलं, बॉयलर फुटला तर पळता यावं म्हणून असेल. हा दुसरा विचार डोक्यात शिरला आणि मला घासच गोड लागेना. ज्याला बॉयलरमधलं सगळं कळतं तोच जर पळायची वाट मोकळी ठेवून बसतो, तर आपलं काय?

मी मूळचा परभणीकडचा. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलो. रझाकारांच्या धामधुमीत ती शाळा बंद पडली ती माझ्यापुरती कायमची. पुढे लग्न झालं, शेत भावाकडे गेलं, आणि गावचा एकजण पिंपरीला होता म्हणून मी पिंपरीला आलो. त्या वेळी पिंपरी म्हणजे एका अंगाला फाळणीत आलेल्या सिंध्यांची छावणी, दुसऱ्या अंगाला ज्वारी, आणि रुळांच्या कडेने एकेक उभा राहत असलेला कारखाना. आमचा कारखाना लहान, रबरी नळ्यांचा. रबर शिजवायला वाफ लागते. वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरच्या तोंडात कोळसा टाकायला माझ्यासारखा माणूस लागतो.

पहिल्याच दिवशी मी तिथे उभा असताना वरची जादा वाफ सोडणारी झडप सुटली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "अगं मायऽ!" म्हणून मी खाली बसलो ते कानांवर हात धरूनच.

माझ्याबरोबर कोळसा मारणारा सोपान निघोजे गावचा, रोज सायकलने यायचा. तो हसून हसून फावड्यावर रेलला. "पाव्हणं, आईला हाका मारून काय व्हनार? ती तिकडं परभणीला!" मग इतरांना ओरडून सांगतोय, "आरं ऐकलं का, माय म्हनतंय ह्ये!" पुण्याकडे आईला आई म्हणतात. माझ्या 'माय'ची त्यांना गंमत वाटायची, आणि मला तोंड उघडायची लाज वाटू लागली होती.

तेवढ्यात मागून एक उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा माणूस आला. रंग गोरा, पण इंग्रजासारखा नाही, जुन्या हाडासारखा. त्याने मला उठवलं नाही. माझ्यासमोर तोही उकिडवा बसला.

"तू आता काय बोलला? परत बोल."

मी घाबरत म्हटलं, "माय."

"मायर," तो म्हणाला, शेवटचा 'र' जेमतेम ऐकू येईल असा. "आमच्या भाषेत मायर. आई." आणि सोपानकडे वळून, "तू हसू नको. हा माणूस खरा शब्द घेऊन आला. तू हरवून बसला."

हे हाकोबसाहेब, बॉयलर सांभाळणारे. आर्मेनियन. कारखान्यात त्यांना बरेचजण याकूबमिस्त्री म्हणत, मुसलमान समजत. ते कुणाची चूक दुरुस्त करत नसत. इराणच्या उत्तरेला, तुर्कस्तानच्या हद्दीजवळ त्यांचं गाव होतं. लहान असतानाच सगळं गाव तिथून पळालं. बसऱ्याजवळची छावणी, मग कलकत्त्याची त्यांच्या लोकांची शाळा, मग जहाजांचे बॉयलर, मुंबई, आणि शेवटी आमची पिंपरी. एवढं मला तुकड्यातुकड्याने कळलं. याहून जास्त कुणाला माहीत नव्हतं. बायको नव्हती, मुलं नव्हती. त्यांची भाषा बोलणारं माणूस पार मुंबईपर्यंत कुणी नव्हतं.

म्हणून ते आमच्या बोलण्यात तिचे नातेवाईक शोधत.

कलकत्त्याच्या शाळेत एका मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, की आपली भाषा आणि हिंदुस्थानच्या भाषा कधीकाळी एकाच घरच्या बहिणी होत्या. हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. माझं नाव नामदेव आहे कळल्यावर ते खूश झाले. "नावाला आम्ही 'अनुन' म्हणतो. तुमचा 'नाम', तोच. तुझ्या नावातच नाव आहे!" दहाला 'तास', गाईला 'कोव', दाराला 'दुर'. बॉयलरसमोर घामाने निथळत आम्ही उभे असलो की म्हणायचे, "बघ, हे जे अंगातून गळतंय तो घाम, आणि आमचा 'जेर्म', म्हणजे गरम, दोघं एका आईचे." सोपान म्हणायचा, "सायेब, गळतंय मात्र आमचंच."

सगळंच खरं होतं असं नाही. आर्मेनियन लोक स्वतःला 'हाय' म्हणतात. सोपान तर दर वाक्याला हाय. "सायेब हाय का आत?" असं त्याने दारातून विचारलं, की आतून उत्तर यायचं, "मीच हाय! इथे दुसरा कोण हाय?" हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल याला गणती नाही, आणि ते हसत ते फक्त याच विनोदाला. तुमचा हाय आणि आमचा हाय एकच, असंही ते ठासून सांगत. मला तेव्हाही ते खरं वाटलं नाही. पण माणूस इतका एकटा असला, की त्याला एखादा खोटा नातेवाईक असू द्यावा.

एरवी ते या बाबतीत फार कडक होते. त्याला कारण होतं.

एकदा दुपारी डबे उघडून आम्ही बसलो होतो. साहेब थकलेले होते, डोळे कुठेतरी लांब. एकाएकी ते म्हणाले, "आग!"

मी उठलो तो थेट वाळूची बादली घेऊन धावलो. सोपान दाराबाहेर. कोळशाच्या ढिगावर, फडताळावर, जिथे हात पोचला तिथे मी वाळू टाकली. डब्यातल्या भाकरीवरसुद्धा पडली. साहेब जागचे हलले नाहीत. पुढे केलेला हात तसाच. मग म्हणाले, "मी मोठ्याने बोललो?"

"आग म्हणालात साहेब!"

"मीठ," ते म्हणाले. "मी मीठ मागितला. आमच्याकडे मिठाला 'आघ' म्हणतात."

सोपान परत येऊन म्हणाला, "मिठासाठी जीव घ्याल राव आमचा." आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. भाकरीवरची वाळू झटकता झटकता ते मला समजावू लागले. शब्द तीन जातीचे. काही उसने असतात. हजारला आम्हीही 'हझार' म्हणतो, पण तो तुम्हीही इराण्यांकडून घेतला, आम्हीही. काही सख्खे असतात, आणि सख्खे बहुतेक एकमेकांसारखे दिसत नाहीत. फार वर्षं वेगळ्या घरी राहिलेल्या बहिणींसारखे. ओळख पटवून घ्यावी लागते. "आणि काही," ते म्हणाले, "एकसारखे दिसतात, पण कोणीच नसतात. आग आणि आघ. नामदेव, सारखा दिसेल त्याला भी. सारखा दिसतो तोच मारतो."

वाळू कधीच गेली होती, तरी ते भाकरी झटकतच होते. मिठाच्या गोष्टीत एवढं भिण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. फक्त त्यांची भीती माझ्या अंगात उतरली. भीतीचं तसंच असतं, तिला भाषा लागत नाही.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. तिला आम्ही नुसतं काच म्हणायचो. काच अर्धी भरलेली असली की सगळं ठीक. पण एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. काच पुरती भरलेली असली आणि पुरती रिकामी असली, तर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. नुसती स्वच्छ काच. भरलेली असेल तर फारसं बिघडत नाही. रिकामी असेल आणि तशात कुणी आत पाणी सोडलं, तर तापून लाल झालेल्या पत्र्यावर ते पडतं आणि बॉयलर छपरासकट उडतो. साहेब शर्टाच्या खिशात एक पेन्सिल ठेवत, ती याचसाठी. काचेमागे पेन्सिल धरायची. पाणी असेल तर ती जाडजूड दिसते, नसेल तर जेवढ्यास तेवढी.

एके दिवशी सोपान म्हणाला, "काच भरल्याली हाय, सायेब." साहेब सहज आले, पेन्सिल धरली. मी शेजारी होतो. पेन्सिल जेवढ्यास तेवढीच दिसली.

साहेबांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. ते ओरडले, "जूर च्का! जूर! जूर!"

सोपानला ऐकू आलं, "जोर! जोर!" त्याने फावडं उचललं आणि जीव खाऊन कोळसा आत मारायला सुरुवात केली. साहेब ओरडतायत जूर, हा म्हणतोय, "मारतोय की जोर!" आणि भट्टी भडकतेय. मी भिंतीला चिकटलेला. शेवटी साहेबांनी त्याला खांद्याने ढकलून पाडलं, लांब आकडा घेतला आणि पेटता कोळसा बाहेर जमिनीवर ओढायला लागले. तेव्हा आम्हाला उमगलं. आम्हीही ओढू लागलो. आत पाणी सोडायच्या चाकाला कुणी हात लावला नाही. भट्टी काळी पडेपर्यंत, पत्रे निवून कुईकुई करायचे थांबेपर्यंत, आम्ही तिघं बाहेर ज्वारीच्या बांधावर बसून होतो.

बऱ्याच वेळाने साहेबांनी विचारलं, "मी कुठल्या भाषेत बोललो?"

"काय की," सोपान म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "जोर लावा म्हनालात."

"मी म्हणालो, पाणी नाही. मला वाटला मी तुमच्या भाषेत बोलतोय." त्यांनी स्वतःच्या तोंडाला हात लावला, जसा ते दाराला लावत. "भ्यालो की मराठी जाते. हिंदी जाते. सगळा जातो."

सोपान म्हणाला, "अवो, पानी म्हनायला शिका की घट्ट. केवढा शब्द त्यो!"

"आता म्हणतो ना. पाणी, पाणी, पाणी. तेव्हा नाही म्हणता येणार."

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. सोपान सायकल घ्यायला गेला होता, ऐकायला मी एकटाच होतो.

बसऱ्याकडच्या छावणीत ते दहाएक वर्षांचे असताना दवाखान्यात झाडलोट करीत. तिथे एक हिंदुस्थानी शिपाई तापाने पडला होता, मद्रासकडचा. तो सारखा म्हणत होता, "तण्णी, तण्णी." आर्मेनियनमध्ये 'तानी' म्हणजे नेऊ दे, घेऊन जाऊ दे. लहानग्या हाकोबला वाटलं, याला कशाचा तरी त्रास होतोय, काहीतरी उचलून न्यायला सांगतोय. त्याने उशाची पिशवी नेली. तरी तण्णी. त्याने पांघरूण नेलं. तरी तण्णी. शेवटी उशाजवळ पाण्याचं भांडं राहिलं होतं.

"ते पण मी नेला," हाकोबसाहेब म्हणाले.

पुढे जहाजावर एका मद्रासी खलाशाने डेकवर 'तण्णी' मागितलं, आणि त्याला कुणीतरी पाणी दिलं, तेव्हा त्यांना तो शब्द समजला. तोवर ते मोठे झाले होते.

"मरताना माणूस आपल्या आईच्या भाषेत पाणी मागतो," ते म्हणाले. "मी इथे मागणार. आणि नामदेव, मी फार शोधला. आईला बहीण आहे, दाराला आहे, गाईला आहे, घामाला आहे. 'जूर'ला तुमच्या भाषेत बहीण नाही. पाण्याला बहीण नाही. जे आहेत ते नुसते सारखे दिसणारे."

त्या दिवसापासून आमची एक कवायत सुरू झाली. मी कोळसा मारत असो, राख काढत असो, शिफ्ट संपवून घरी निघालेलो असो, ते मधेच हळू आवाजात म्हणायचे, "जूर." मी हातातलं टाकायचं, माठातून पितळी पेला भरायचा आणि त्यांच्या ओठांपाशी न्यायचा. ते एक घोट घेऊन म्हणायचे, "बरोबर." कधी मुद्दाम ओठ मिटून, कधी पाठ फिरवून, कधी मशीनच्या आवाजात पुटपुटत. मला ऐकू आलं नाही तर रागावत नसत. पण त्यांच्या डोळ्यांत जे येई त्यापेक्षा राग परवडला असता. कारखान्यात आमची थट्टा व्हायची. सोपान मला जूरराव म्हणू लागला. मला मात्र त्या शब्दाची धास्ती बसली. घरी भांड्यावर भांडं आपटलं तरी मी दचकून माठाकडे बघायचो. बायको म्हणायची, "अहो, झालंय काय तुमाला?" काय सांगणार?

एवढं मात्र सांगतो. ज्या गावात माझ्या बोलण्याला सगळे हसत होते, तिथे एका माणसाने माझ्यावर त्याचा शेवटचा शब्द सोपवला होता. भीती तर जात नव्हती, आणि त्याच वेळी छाती भरून यायची.

पुढे पिंपरीत विषमज्वराची साथ आली. हाकोबसाहेब कामावर आले नाहीत, तेव्हा मी आणि सोपान त्यांच्या खोलीवर गेलो. दार नुसतं लोटलेलं, त्यात वीट. आतून तापाचा वास. डॉक्टरांनी त्यांना पुण्याला साथीच्या दवाखान्यात हलवलं. गाडीत घालताना ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून त्यांनी एक बोट आपल्या ओठांवर ठेवलं. मी म्हटलं, "माहीत आहे साहेब. जूर."

पण साथीच्या दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. दोनदा मी फाटकावरून परत आलो. रखवालदाराला सांगितलं, आतल्या बाईंना सांगा, जूर म्हणजे पाणी. तो म्हणाला, "बरं बरं." त्याच्या 'बरं'वरूनच मला कळलं, की हा सांगणार नाही. जाताना रस्ताभर मी मनातल्या मनात जूर जूर घोकत होतो, जणू मी विसरलो तर तो शब्द जगातूनच जाईल.

तिसऱ्या खेपेला दुपारची वेळ होती. फाटकाच्या आत नळावर एक आयाबाई चादरी भिजवत होती. आळंदीकडची असावी, बोलण्यावरून. मी गजांतून हाक मारली.

"मावशी, तो गोरा माणूस, पांढऱ्या भुवयांचा, आहे का हो?"

"त्यो परदेसी? हाय, अजून हाय." तिने चादर पिळली. "लई देवमानूस बगा. येवढा ताप, पर इचार दुसऱ्याचा. कुनी जवळ गेलं की आपलं दूर, दूर. आपला रोग दुसऱ्याला लागू नये म्हून वो. आमी बी मग त्येंचा मान राखतो. सकाळी सिस्टर औषद पाजती तेवढंच, बाकी लांबूनच."

मी दोन्ही हातांनी गज धरले.

"मावशी, पाणी? पाणी कोण देतं?"

"दूर म्हनतोय मानूस, तर कसं जावं?"

मी फाटक कसं ओलांडलं, रखवालदार काय म्हणाला, आठवत नाही. ती बाई माझ्या मागे धावत होती, "अवो, अवो, लागंल रोग तुमाला!" लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, आणि शेवटची खाट भिंतीकडे. साहेब पिकल्या पानासारखे झाले होते. ओठ फुटलेले, जीभ जाड, काळी. डोळे उघडे, पण माझ्यावर टिकत नव्हते. ओठ हलत होते. मी कान नेला. कोरड्या जिभेला 'ज' म्हणता येत नव्हता. खरंच 'दूर' असंच ऐकू येत होतं. मी नसतो शिकलो तर मीही मागे सरलो असतो.

स्टुलावर पाण्याचं भांडं होतं, झाकलेलं, भरलेलं. हात पोचणार नाही इतकं लांब सारलेलं.

मी डोकं उचलून भांडं ओठांना लावलं. आधी ओघळ गळ्यावरून गेला. मग घशाची गाठ हलली. परत हलली. ते पीत राहिले, लहान लहान घोट, मधे धापा. मी वाट बघत होतो, ते 'बरोबर' म्हणतील. पण मराठी गेली होती. ते नुसते टेकले.

आणि मग, अगदी स्पष्ट, म्हणाले, "दुर."

मी परत भांडं पुढे केलं. त्यांनी तोंड फिरवलं. पाणी नको होतं. आता हे मराठीतलं दूर होतं का? बाईचंच खरं होतं का, मला जायला सांगत होते का? मी दोन पावलं मागे सरलोसुद्धा. तेव्हा त्यांचे डोळे दिसले. ते माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लागले होते. मी आत शिरल्यावर दार माझ्यामागे बंद झालं होतं. त्यांचा 'दुर', आमचं दार.

मी गेलो, दार उघडलं. ते वाऱ्याने परत लोटलं. इकडे तिकडे पाहिलं, वीट कुठून असणार? मी पायातली एक वहाण काढली आणि दाराच्या फटीत घातली. दार तिच्यावर येऊन थांबलं. तळहात लावून पाहिलं. बसलं होतं.

दाराबाहेरून बाई हळूच म्हणाली, "अवो, ऐका माजं. दूर व्हा त्येंच्यापासनं."

एका पायाने अनवाणी मी खाटेपर्यंत परत आलो आणि काठावर बसलो. साहेबांचे डोळे त्या उजेडाच्या पट्टीवर होते. ओठ ओले होते. भांडं मी मांडीवर धरलं होतं, हाताशी.